खंडेरावांची बसकी गाडी

कुणाचे उपकार फेडायचे झाले तर माणूस लुगडं घेतो, पेढे देतो, निदान चार लोकांत तोंडभर कौतुक करतो. खंडेराव शेळक्यांनी गाडीच्या मागच्या स्प्रिंगा कापल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही असं नव्हे. सुचलं होतं, पण गोदूमावशींनी सगळ्याला नकार दिला होता. लुगडं परत आलं, पेढे आळीतल्या पोरांनी खाल्ले आणि कौतुक सुरू केलं की मावशी "मासळी जळली वाटतं" म्हणून उठून आत जायच्या.

तारापूरच्या किनाऱ्यावर वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. खंडेराव तिथल्या एका ठेकेदार कंपनीत भांडारपाल होते. माणूस नगरकडचा. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा, "एवढं पाणी आणि एका वावराला उपयोग नाही," असं म्हणून हळहळला होता. बाहेरून आलेल्या नोकरदारांना तेव्हा जागा मिळायची मारामार. मासळीचा वास चालेल का, एवढंच विचारून गोदूमावशींनी कोळीवाड्यातली आपली जाळी ठेवायची खोली खंडेराव आणि नर्मदावहिनींना दिली. वास चालेल असं खंडेराव म्हणाले खरे, पण पहिले आठ दिवस ते नाकाला रुमाल लावूनच जेवत होते. जेवणं अवघड आहे ते. करून बघा.

पण उपकार म्हणायचे ते खोलीचे नव्हेत, गुडघ्याचे. नर्मदावहिनींचे दिवस भरले, कळा सुरू झाल्या आणि नेमकी त्या दिवशी एसटी बंद. खंडेराव अंगणात गोलगोल फिरत "आता काय करायचं, आता काय करायचं" एवढंच म्हणत होते. मावशींनी बैलगाडी जोडायला लावली, वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं आणि पालघरच्या वाटेला लागल्या. वाटेत एका मोरीवर चाक चिखलात रुतलं. मावशी खाली उतरल्या आणि चाकाला खांदा लावला. चाक निघालं, पण मावशींचा उजवा गुडघा कायमचा कामातून गेला. पोरगा सुखरूप झाला. आता तो दोन वर्षांचा होता आणि दिवसभर अंगणात धावत असे. तो धावला की खंडेरावांची नजर उंबऱ्यावर पाय लांब करून बसलेल्या मावशींकडे जाई.

आता गाडीकडे वळू. बांधकामावरचा एक परदेशी साहेब मायदेशी निघाला, तेव्हा त्याने आपली जुनी लहानगी गाडी खंडेरावांच्या गळ्यात मारली. गाडी कुठल्या देशाची होती ते तिच्यावर लिहिलेलं होतं, पण ते कुणाला वाचता येत नव्हतं. तिचं इंजिन मागे होतं आणि डिकी पुढे. रस्त्यातल्या खड्ड्यांना इंजिन लागू नये म्हणून साहेबाने मागच्या बाजूला मुद्दाम उंच, दणकट स्प्रिंगा बसवून घेतल्या होत्या. त्यामुळे गाडी मागून वर उचललेली आणि पुढे वाकलेली असे, वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेसारखी.

अशात मावशींच्या भावाने, पुंडलिकमामांनी, सातपाटीहून बातमी आणली. मावशींची लेक हंसा सातपाटीला दिलेली होती. तिचा नवरा महादू याने नवी होडी बांधायला घातली होती आणि ती कार्तिकी पुनवेच्या भरतीला पाण्यात उतरायची होती.

"पैला नारल तुज्याच हातचा पायजे, असा म्हंतो म्हादू," मामा म्हणाले.

मावशी क्षणभर खुलल्या. मग गुडघ्यावर हात फिरवत, ड-ढचा र करणाऱ्या आपल्या बोलीत म्हणाल्या, "माजा पाय एसटीत चरत नाय. दोन वर्सं झाली, लेकीचा दार बगितला नाय. त्याला सांग, नारल माज्या नावानं तूच फोर."

खंडेराव दाराआडून ऐकत होते. ते तसेच पुढे आले आणि छातीवर हात मारून म्हणाले, "मावशी, तुम्ही जाणार. माझ्या गाडीतून जाणार. मागच्या सीटवर बसून, अगदी साहेबासारख्या!"

हे 'मागच्या सीटवर' ज्या क्षणी त्यांच्या तोंडून गेलं, त्या क्षणी पुढचं सगळं ठरून गेलं. खंडेरावांनी उभ्या नोकरीत एक गोष्ट पक्की पाहिली होती. साहेब मागे बसतो, पुढे ड्रायव्हरशेजारी शिपाई बसतो, फायली बसतात, क्वचित साहेबाचा कुत्रा बसतो. मान मागे असतो. तेव्हा ज्या बाईचा गुडघा आपल्या पोरापायी गेला, तिला फायलींच्या जागी बसवणं हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

तालीम झाली. मागचं दार उघडलं. मावशींनी पाऊल उचललं, पण ते दारापर्यंत पोचलं नाही. नर्मदावहिनींनी पाट आणून ठेवला. मावशी पाटाकडे बघून म्हणाल्या, "आनि या पाटावं चरायला दुसरा पाट कुटं हाय?" तिथे पाटाचा विषय संपला.

"अहो, माणसाला वर चढवता येत नसेल तर गाडी खाली आणा," वहिनी सहज बोलून गेल्या. बायका सहज बोलतात आणि मग पुरुषांचे दोन-दोन महिने जातात.

पहिला सल्ला पुंडलिकमामांचा. ते जन्माचे दर्यावर्दी. गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली, तिच्या बुडाखाली वाकून पाहिलं आणि निदान केलं. "गारी हलकी हाय, म्हनून वर तरंगते. निरम टाका."

होडी पाण्यात डोलू नये म्हणून तिच्या तळाशी जे दगड भरतात त्याला निरम म्हणतात. मामांनी स्वतःच्या होडीतले अकरा गोल गुळगुळीत दगड आणून मागच्या सीटपुढे ओळीने लावले. गाडी खरंच चार बोटं खाली आली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मावशींनी पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न निघाला, तेव्हा मामा म्हणाले, "पाय वर घेऊन बसंल." ज्या पायासाठी एवढा खटाटोप, तोच पाय वर घ्यायचा! दगड उतरवायचं ठरलं, पण मामा भरतीची वेळ झाली म्हणून निघून गेले आणि खंडेरावांना एकट्याने दगड हलेनात. दुसऱ्या दिवशी ते तसेच दगडांसह कामावर गेले.

कुंभवलीजवळ कंपनीचा नाका होता. बांधकामावरून लोखंड चोरीला जायचं, म्हणून येणारी-जाणारी गाडी तिथे अडवत. नाक्यावरचा जमादार इमानी होता आणि त्याला इमान दाखवायची संधी क्वचित मिळे. त्याने संध्याकाळी गाडीत डोकं घातलं.

"ये क्या है, साहब?"

"निरम आहे," खंडेराव खरं ते बोलले. खरं बोलण्याची त्यांना खोडच होती.

जमादाराने वहीत लिहिलं: 'निरम, अकरा नग', आणि दगड उतरवून घेतले. चौथ्या दिवशी वरच्या कचेरीतून भांडाराला पत्र आलं. भांडारातील निरम या मालाचा साठा किती, पैकी कमी किती, याचा खुलासा भांडारपालाने करावा. भांडारपाल म्हणजे खुद्द खंडेराव. त्यांनी उत्तर लिहिलं की निरम नावाचा कोणताही माल भांडारात शिल्लक नाही. उलट टपाली विचारणा आली, शिल्लक नाही म्हणजे सगळाच गेला काय? ज्या माणसाने नोकरीत कंपनीची टाचणीसुद्धा धोतराला लावली नव्हती, त्याच्यावर अकरा दगडांचा आळ! त्या दिवशी खंडेराव डबा न उघडताच घरी परत घेऊन आले. शेवटी मामांना कचेरीत नेऊन उभं केलं. "माजे दगड हायत, माज्या आज्याच्या वक्ताचे," असं त्यांनी छातीठोक सांगितलं, तेव्हा कुठे दगड सुटले.

दुसरा सल्ला बोईसरच्या शांताराम मिस्त्रीचा. शांतारामचा हात लाँचच्या इंजिनांवर बसलेला, पण तो कशालाही नाही म्हणत नसे. त्याने जॅक लावला, चाक काढलं, स्प्रिंग आणि तिच्या पोटातला शॉकअप बाहेर ओढला आणि स्प्रिंग उन्हात धरून तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती आता स्वतःच काय ते सांगेल.

"दोन वेढे कापू," तो म्हणाला. "गाडी जमिनीशी बोलंल."

खंडेरावांना ती जमिनीशी बोलायला नको होती, मावशींच्या गुडघ्याशी जमवून घ्यायला हवी होती. पण तोवर करवत चालू झाली होती. एका बाजूचे दोन वेढे कापून झाले आणि शांताराम जेवायला गेला. जेवून आल्यावर दुसऱ्या बाजूचा त्याने एकच कापला. भरल्या पोटी त्याचा अंदाज चुकतो, असं तो स्वतःच नंतर म्हणाला. गाडी एका कुशीवर कलंडली. मग दुसरी बाजू जुळवायला एक वेढा, तो जरा जास्त गेला म्हणून पहिल्या बाजूचा अर्धा, असं करत करत शांताराम थांबला तेव्हा गाडी मागच्या पायांवर बसलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती. मागची दोन्ही चाकं फाकली होती आणि तोंड आभाळाकडे होतं. शिवाय आखूड झालेल्या स्प्रिंगा आता खोबणीत नीट बसेनात. जरा गचका बसला की खाली निसटायच्या. त्यावर पुंडलिकमामांनी काथ्याच्या दोराने त्या अशा आवळून बांधल्या की शांताराम हात जोडून म्हणाला, "मामा, ह्या गाठी सोडवायला तुम्हीच लागाल."

मागचं दार उघडलं. मावशींनी पाऊल टाकलं. गुडघा न वाकवता त्या पाठमोऱ्या सीटवर टेकल्या आणि पाय आत ओढून घेतले. अख्ख्या आळीने टाळ्या वाजवल्या. खंडेरावांचे डोळे भरून आले आणि ते गाडीचा टायर तपासायला खाली वाकले.

गाडी खाली आली, पण खंडेरावांची अब्रूही तिच्याबरोबर खाली आली. कुंभवलीच्या नाक्यावर जमादाराने लांबूनच शिट्टी फुंकली.

"साहब, गाडी पीछे से बैठी है। माल किधर है?"

"माल नाही. स्प्रिंगा कापल्यात."

"क्यों?"

"मावशींचा गुडघा दुखतो म्हणून."

हे उत्तर जमादाराला पटलं नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपल्यालाही पटलं नसतं. त्याने मागचं झाकण उघडायला लावलं. आत इंजिन! जमादाराच्या माहितीप्रमाणे इंजिन हे पुढे असतं. मागच्या डिकीत दडवलेलं इंजिन चोरीचंच असणार. साहेबाच्या वेळी त्याने या गाडीला तीन वर्षं नुसता सलाम ठोकला होता, झाकण कधी उघडलं नव्हतं. खंडेरावांनी पुढचं झाकण उघडून दाखवलं. ते रिकामं होतं. जमादार म्हणाला, बघा, इथलंच काढून तिथे ठेवलंय.

मग आठ दिवस चौकशी चालली. गाडी काट्यावर चढवून वजन घ्यावं असं ठरलं, पण काटा भांडाराचा आणि भांडारपाल आरोपी, म्हणून ते रद्द झालं. अखेर एका थोरल्या साहेबाने स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर बसून, उतरून, पुन्हा बसून खात्री केली आणि कागद करून दिला: 'सदर वाहन रिकामे असतानाही मागे बसलेले असते. सबब संशय घेऊ नये.' खाली सही, शिक्का. खंडेरावांनी तो कागद पुढच्या काचेवर डकवला. बाजारात लोक थांबून तो वाचायचे, आणि वाचून झाल्यावर गाडीकडे न बघता खंडेरावांकडे बघायचे. पण मान खाली घालून खंडेराव मनात म्हणत, पुनवेला मावशी सातपाटीला पोचल्या की झालं. मग हसा काय हसायचं ते.

पुनव उजाडली. भरती दुपारी बाराच्या सुमाराची. मावशी नवं लुगडं नेसून, नारळ मांडीवर घेऊन मागे बसल्या. त्यांच्या शेजारी पुंडलिकमामा, पुढे वहिनी आणि पोरगा. नाक्यावर जमादाराने काचेवरचा कागद वाचला, बसलेली गाडी बघितली, दोन्ही जुळतात अशी खात्री केली आणि सोडलं.

बोईसर मागे पडलं. आणि पालघरच्या वाटेवर ती मोरी आली. तीच, बैलगाडीवाली. मोरीवर आता खडी टाकून चांगला उंचवटा केला होता. पुढची चाकं वर चढली, पलीकडे उतरली आणि गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं. मागची चाकं नुसती खडी उडवत फिरू लागली. होडी वाळूवर लागावी तशी गाडी लागली.

घड्याळात दहा वाजून गेले होते. खंडेराव उतरून गाडीभोवती गोलगोल फिरू लागले. "आता काय करायचं, आता काय करायचं," दोन वर्षांपूर्वीचं तेच वाक्य. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि मावशींनी नारळ बाजूला ठेवून पाय बाहेर काढला.

"थांब, मी जरा खांदा लावते."

खंडेराव असे ओरडले की मोरीखालची बदकं उडाली. "मावशी, उतरायचं नाही! शपथ आहे तुम्हाला! एक गुडघा घेतलाय आम्ही तुमचा, दुसरा नाही घेणार!" त्यांनी मावशींचा पाय हळूच आत ठेवला, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. बोलता बोलता ते रडत होते हे त्यांना वहिनींनी नंतर सांगितलं.

पालघरच्या बाजारातून मासळीच्या पाट्या रिकाम्या करून कोळणी परत येत होत्या. आळीतल्या सुगंधा आणि कमळी पुढे, मागे आठ-दहा जणी. "गोदू, गारीत बसून अरकलीस व्हय गं?" म्हणत त्यांनी पाट्या खाली ठेवल्या आणि पदर खोचले. मामांनी आवाज दिला. होडी पाण्यात लोटताना देतात तोच. "होऽऽ हैशा!" खंडेराव, वहिनी, मामा आणि दहा कोळणी यांनी ती गाडी मावशींसकट उचलली. तिसऱ्या हाकेला ती पलीकडे उतरली. मावशी आत बसून हसत होत्या आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावत होत्या. दोराची एक गाठसुद्धा सुटली नव्हती.

सातपाटीला पोचले तेव्हा पाणी होडीच्या बुडाला लागलं होतं आणि महादू वाटेकडे डोळे लावून उभा होता. हंसा धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मावशींनी नारळ फोडला. होडी पाण्यात उतरली आणि डौलात उभी राहिली. खंडेरावांना होडीतलं काही कळत नव्हतं, पण ती मागून बसलेली नाही एवढं त्यांनी लगेच पाहिलं.

हंसाने वहिनींना आणि पोराला दोन दिवस ठेवून घेतलं, मामा होडीपाशी राहिले. ऊन उतरल्यावर खंडेराव आणि मावशी दोघंच परत निघाले. खंडेरावांनी अदबीने मागचं दार उघडलं. मावशी त्या दाराशी थांबल्या, मग गाडीला हात लावत पुढे गेल्या, पुढचं दार उघडलं आणि कुणाचीही मदत न घेता आत बसल्या. पुढची बाजू मुळात उंच कधी नव्हतीच.

खंडेराव दार धरून उभेच राहिले. "मावशी, म्हणजे पुढे... तुम्हाला आधीपासून बसता येत होतं?"

"येत होता."

"मग सांगितलं का नाही?"

मावशी समोर बघत म्हणाल्या, "खंडू, आमी पाटीवाल्या. एसटीत चरलो का कंडक्टर म्हंतो, वास येतो, मागं जा. जल्म मागं बसन्यात गेला. मला वाटला, तूबी मागंच बसवतोस. मंग पायला, तू माज्यासाटी गारीची कंबर मोरलीस, नोकरीवर आल घेतलास. लोकं हसली तुला, तरी दार उघरून उबा. तवा समजला, तुज्याकरं मागंच मान आसंल. मंग तुला कशी नाय म्हनू? जाताना तुजा मान घेतला. येताना माजा घेते. बस आता, काच पूस, मला दर्या बगूंदे."

खंडेरावांनी मागचं दार लावलं. त्यांनी काच पुसली, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि गाडी चालू केली.

मागे कुणीच नसल्यामुळे मोरीवर या वेळी गाडी टेकली नाही. कुंभवलीच्या नाक्यावर मात्र शिट्टी वाजली. जमादाराने पुन्हा पुन्हा काचेवरचा कागद वाचला, मग चार पावलं मागे सरकून गाडीकडे पाहिलं. मावशी अंगापिंडाने भरलेल्या होत्या. त्या पुढे बसल्यामुळे गाडीचं आभाळाकडचं तोंड खाली आलं होतं आणि गाडी पहिल्यांदाच नाकासमोर सरळ उभी होती.

"साहब, कागज में लिखा है गाडी बैठी है। आज गाडी सीधी है। क्या बात है? आगे क्या माल है?"

खंडेराव उतरू लागले. मावशींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि काच खाली केली.

"इकरं ये," त्या जमादाराला म्हणाल्या. "माल मीच हाय. दोन वर्सं उंबऱ्यावं परली होती, कुनी हलवत नव्हता. यानं उचलून नेली. लिव तुज्या वहीत."

जमादाराने वही उघडली, मावशींकडे पाहिलं. मग त्याने वही मिटली, टाचा जुळवल्या आणि त्या गाडीला, साहेब गेल्यापासून पहिल्यांदा, सलाम ठोकला. मावशींनी तो मान हलवून घेतला, आणि गाडी सरळ घरी गेली.